जुन्या मॉडेल किटमधली भेट-रेकॉर्ड : वाजवायची कशी, जपायची कशी? (एएमटी 'लीफ एरिकसन', १९६८)

स्प्रूकटर

एएमटी या अमेरिकन किट कंपनीचं 'लीफ एरिकसन' हे प्लास्टिकच्या अंतराळयानाचं किट समोर आहे. १९६८ सालचं, पहिल्या उत्पादनातलं. खोकं आधीच उघडलेलं, पण सगळे भाग फ्रेमवर (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती) जसेच्या तसे. सूचनापत्रक शाबूत, डिकल (पाण्यात भिजवून यानावर चिकटवायची चित्रं) पिवळी पडलेली. आणि मुख्य म्हणजे किटबरोबर फुकट दिलेली अंतराळातल्या आवाजांची ३३⅓ वेगाची छोटी रेकॉर्ड अजून आत आहे.

ज्यांना हे किट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टार ट्रेकच्या 'एंटरप्राइज' यानाचं किट एएमटीनेच काढलं होतं. त्या यानाचे डिझाइनर मॅट जेफरीज यांच्याकडूनच कंपनीने हे दुसरं यान करून घेतलं. ते कुठल्याही मालिकेतलं नव्हतं, कंपनीची स्वतःची 'स्ट्रॅटेजिक स्पेस कमांड' नावाची कल्पना होती. ज्या यानाची गोष्ट पडद्यावर कुणी पाहिलेलीच नाही ते मुलांनी विकत का घ्यावं, म्हणून खोक्यात रेकॉर्ड. सत्तरच्या दशकात हेच यान अंधारात चमकणाऱ्या प्लास्टिकमध्ये 'यूएफओ' म्हणून पुन्हा आलं. माझा प्रश्न मात्र फक्त १९६८ च्या खोक्याबद्दल आहे.

रेकॉर्ड पातळ आहे, हातात वाकते. टेबलावर ठेवली तर एक कड १२ मिमी वर राहते. एका बाजूला फ्रेमच्या टोकांचे दोन ठसे उमटलेत. ती सरळ कशी करायची? वाजवायची कशी? एक बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल आहे, त्यावर एटी३६००एल कार्ट्रिज (सुई जिला बसवलेली असते ती डबी). शिवाय जुना पेटीचा प्लेअर आहे, सिरॅमिक कार्ट्रिजचा. दोन्हींपैकी कोणता? आणि नंतर ती परत खोक्यात ठेवायची की वेगळी?

---

तबकडी७

पेटीच्या प्लेअरला हातही लावू नका. सिरॅमिक कार्ट्रिज सुईवर ५ ते ७ ग्रॅम वजन टाकतं. जाड एलपी ते सोसते, पातळ रेकॉर्ड नाही. तिची खाच मुळातच उथळ असते, दोन-तीन फेऱ्यांत वरचे स्वर घासले जातात आणि ते परत येत नाहीत. त्यातून पेटीच्या प्लेअरला बऱ्याचदा उलटवायची सुई असते, एका बाजूला एलपीची आणि दुसऱ्या बाजूला ७८ ची. चुकून ७८ ची बाजू लागली तर ते टोक साधारण ७५ मायक्रॉनचं, एलपीच्या सुईचं १८ च्या आसपास. त्या उथळ खाचेत ते बसणारच नाही, दोन्ही काठ खरवडत जाईल.

एटी३६००एल उत्तम. शंकूच्या आकाराची सुई आहे, वजन २.५ ते ३.५ ग्रॅम. या कामाला ३ ग्रॅम ठेवा. 'कमी वजन म्हणजे कमी झीज' हा नियम इथे उलटतो. पातळ रेकॉर्ड फिरताना लाटेसारखी वरखाली होते, हलकी सुई उडते आणि परत पडताना खाचेच्या काठावर आदळते. ही आदळआपट घासण्यापेक्षा वाईट.

महागडी लंबगोल किंवा लाइन-कॉन्टॅक्ट सुई लावायचा मोह होईल. नको. ती खाचेत खोल उतरायला केलेली, आणि इथे खोली नाही.

---

स्टायरीनवेडा

वाजवायचं नंतर. आधी ती रेकॉर्ड खोक्यातून बाहेर काढा, आजच.

ते दोन ठसे साधे दाबाचे नसावेत. पातळ रेकॉर्ड पीव्हीसीची, किटचे भाग पॉलिस्टायरीनचे. पीव्हीसी लवचीक राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. तो वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि शेजारी पॉलिस्टायरीन असलं की त्यात शिरून त्याला मऊ करतो. जुन्या गाड्यांच्या किटमध्ये रबरासारखे मऊ टायर पारदर्शक भागांना चिकटून तिथे खड्डा पडलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्या टायरचं आणि या रेकॉर्डचं नातं तेच.

आता असं करा. फ्रेमचा जो भाग रेकॉर्डला टेकत होता तो तिरक्या उजेडात धरा. बारीक समांतर रेघा दिसल्या तर तो रेकॉर्डच्या खाचांचा छाप आहे. बोट फिरवून चिकट लागतंय का बघा. चिकट असेल तर मऊ सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, दोन-तीनदा, दर वेळी कापडाची नवी बाजू. थिनर, अॅसिटोन, पेट्रोल यातलं काहीही नको, स्टायरीन तिथल्या तिथे विरघळेल. पुसून झालं की भाग महिनाभर मोकळ्या हवेत राहू द्या, मग १००० च्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा. लगेच घासाल तर मऊ थर गोळा होऊन पेपरला चिकटतो आणि पृष्ठभाग आणखी बिघडतो.

आणि कपाटात डांबराच्या गोळ्या किंवा कापूर असेल तर तोही आजच बाहेर. नॅप्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. आपल्याकडे जुन्या वस्तू 'जपायच्या' म्हणून पहिली हीच चूक होते, आणि किट खराब झाल्यावर दोष पावसाळ्याला दिला जातो.

---

स्प्रूकटर

रेकॉर्ड काढली. रेघा आहेत! यानाच्या खालच्या अर्ध्या भागावर, साधारण ४ सेमी लांबीच्या कमानी, उजेड तिरका केला की स्पष्ट दिसतात. चिकटपणा नाही. कपाटात गोळ्या होत्या, काढल्या.

आता रेकॉर्ड सरळ करायची. इस्त्री मंद ठेवून वर कापड घालून फिरवावी असं दोन ठिकाणी वाचलं.

---

वऱ्हाडी_मॉडेलर

इस्त्री अजिबात नको भाऊ. मंद म्हटली तरी इस्त्रीचा तवा १०० अंशांच्या वर असतो. पीव्हीसी ७५-८० अंशांच्या आसपास ढिलं पडतं, रेकॉर्डसाठी वापरलेलं मिश्रण त्याच्याही आधी. रेकॉर्ड सपाट होईल, पण खाचाही सपाट होतील.

नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांसाठी वेगळं सांगतो. मे महिन्यात बाहेर ४५ असताना पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट आत ५० पार जातं. तिथे उभी, तिरकी टेकवलेली पातळ रेकॉर्ड एका उन्हाळ्यात वाटीसारखी होते. घराच्या आतल्या भिंतीचं लाकडी कपाट, खालचा कप्पा, ही जागा. माळा तर नकोच.

---

काचपट्टी

सरळ करायची पद्धत:

५ मिमी जाडीच्या काचेचे दोन तुकडे, २५ सेमी × २५ सेमी. काचवाल्याकडून कडा घासून घ्या. दोन्ही काचा धुऊन पूर्ण कोरड्या. रेकॉर्डवरची धूळ आधी रबरी ब्लोअरने उडवा, कारण काचेखाली अडकलेला एक कण महिनाभर दाबला गेला की खाचेत कायमचा खड्डा. काचेला रेकॉर्ड थेट लावायची नाही, दोन्ही बाजूंना आम्लमुक्त पातळ कागद. टिश्यू पेपर चालणार नाही, त्याचा पोत उमटतो.

वर २ ते ३ किलो वजन, मधोमध. मग खोलीच्या तापमानाला तीन आठवडे सोडून द्या. उघडून बघायचं नाही. १२ मिमीची उचल ३-४ मिमीवर आली तर पुरे, वाजवण्याइतकी झाली. पूर्ण सपाट करायच्या नादात उष्णता वाढवत नेणं इथेच लोक रेकॉर्ड घालवतात.

अजिबात फरक पडला नाही तरच काचांसकट ४० अंशांवर दोन तास, आणि काचेतच थंड होऊ द्यायची, रात्रभर. तापमान थर्मामीटरने मोजलेलं हवं, अंदाजाने नको.

एक खात्री करून घ्या. ही नुसत्या प्लास्टिकची आहे, की पुठ्ठ्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवलेली? मागची बाजू कागदासारखी लागते का?

---

स्प्रूकटर

नुसतं प्लास्टिक. उजेडासमोर धरली तर कडेला किंचित प्रकाश आरपार येतो.

---

काचपट्टी

मग वरची पद्धत लागू. तरी पुठ्ठ्याच्या रेकॉर्डबद्दल लिहून ठेवतो. अमेरिकेत तृणधान्याच्या नाश्त्याच्या खोक्यांवर छापलेल्या, कापून काढायच्या रेकॉर्ड याच जातीच्या, आणि त्या आपल्याकडेही कुणाकुणाकडे आहेत.

पुठ्ठा दमट हवेत फुगतो, फिल्म फुगत नाही. म्हणून पावसाळ्यात ती फिल्मच्या बाजूला वळते, कडा वर येतात. कोरड्या हवेत उलट, कडा खाली आणि मध्य वर. म्हणजे हा दोष उष्णतेचा नाही, दमटपणाचा आहे आणि उपायही त्याचाच. आर्द्रता ४५ ते ५० टक्के असलेल्या बंद डब्यात आठवडाभर सपाट ठेवायची, मगच काचांमध्ये. पाणी, अल्कोहोल, कुठलंही द्रावण पुठ्ठ्याच्या रेकॉर्डला लावायचं नाही. कडेतून आत शिरलं की फिल्म सुटते, आणि सुटलेली फिल्म पुन्हा चिकटवणं म्हणजे रेकॉर्ड संपली.

---

तबकडी७

सरळ झाली असं धरून वाजवण्याबद्दल.

पातळ रेकॉर्ड थेट प्लॅटरवर (टर्नटेबलच्या फिरणाऱ्या तबकावर) ठेवायची नाही. खाली फेल्टची चटई असेल तर ती स्थिर विजेने रेकॉर्डला चिकटते आणि उचलताना बरोबर येते. रबरी चटईवर ती चटईच्या उंचवट्यांप्रमाणे वरखाली होते. खाली टणक, सपाट काहीतरी हवं, म्हणून नेहमीचा सल्ला असतो की एखादी वाया गेलेली एलपी ठेवा.

सल्ला बरोबर, पण अर्धा. बऱ्याच एलपींची लेबलची जागा खाचांच्या पातळीपेक्षा किंचित उंच असते. त्यावर ७ इंची पातळ रेकॉर्ड ठेवली की ती मध्यावर टेकते आणि भोवती अधांतरी राहते, घुमटासारखी. एलपीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघा, लेबलपाशी फट पडली नाही तर ती एलपी चालेल.

याहून चांगला उपाय ३ मिमी अॅक्रिलिकची चकती. पाट्या आणि अक्षरं करणारे लेझर कटिंगवाले तासाभरात कापून देतात: बाहेरचा व्यास ३०० मिमी, मधलं भोक ७.३ मिमी. प्लॅटरची रबरी चटई काढून तिच्या जागी ही. चटईही ३ मिमीच्या आसपास असते, म्हणजे आर्मची (सुईच्या दांड्याची) उंची बदलत नाही.

आता नाणं. पातळ रेकॉर्ड घसरते. सुईचा ओढा तिला धरून ठेवतो आणि खालची चकती फिरत राहते. ओळखायचं कसं: मोठ्या आवाजाच्या जागी स्वर खाली उतरतो, ओढल्यासारखा होतो, आवाज लहान झाला की परत जागेवर येतो. म्हणूनच अशा काही रेकॉर्डवर 'घसरली तर इथे नाणं ठेवा' असं छापलेलं असतं.

कोणतं नाणं हे महत्त्वाचं. एक आणि दोन रुपयांची स्टीलची नाणी नकोत, त्यांना चुंबक धरतं. तुमच्या कार्ट्रिजमध्ये चुंबक आहे. शेवटच्या खाचांपाशी आर्म नाण्याजवळ गेला की ओढला जातो, सुईवरचं वजन बदलतं. पिवळ्या पितळी रंगाचं पाच रुपयांचं नाणं घ्या. फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, चिकटलं तर ते जुनं स्टीलचं. पितळी नाणं साधारण ६ ते पावणेसात ग्रॅमचं असतं. एक ठेवलं तर तोल एका बाजूला जातो, म्हणून दोन, मधल्या खुंटीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर. ७ इंची रेकॉर्डच्या लेबलची त्रिज्या साडेचार सेंटिमीटर, त्यात ती आरामात मावतात आणि आर्मच्या वाटेत येत नाहीत.

चिकटपट्टी नको. कडेच्या कोऱ्या पट्टीवरही नको. काढताना रेकॉर्ड दुमडते आणि डिंक मागे राहतो.

---

सोलापुरी_चादर

+१ अॅक्रिलिकच्या चकतीला. संरक्षक कागद दोन्ही बाजूंचा काढायला विसरू नका आणि ओल्या कापडाने पुसून घ्या, कागद काढताना त्यात प्रचंड स्थिर वीज भरते.

---

मोनोमोहिनी

वाजवण्याआधी रेकॉर्डिंगची तयारी पूर्ण असू द्या. पहिलीच फेरी सर्वात चांगली असते. 'आधी ऐकून तर बघू' म्हणून जी फेरी जाते, तीच साठवायला हवी होती असं नेहमी होतं.

सेटिंग: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. पातळ रेकॉर्डचा आवाज एलपीपेक्षा बराच हळू असतो, म्हणून गेन (रेकॉर्डिंगची आवाजपातळी) आधी ठरवून घ्यावा लागतो. त्यासाठी दुसरी पातळ रेकॉर्ड वापरा, ही नाही. नॅशनल जिऑग्राफिकच्या जानेवारी १९७९ च्या अंकात व्हेल माशांच्या आवाजाची अशीच पातळ रेकॉर्ड होती, १ कोटी ५ लाख प्रती निघाल्या, त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या दुकानात अजून सापडते. तिच्यावर सगळा सराव करा: नाणी, चकती, सुई उतरवणं, गेन. शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये आली की पुरे. तुमच्या रेकॉर्डवर एखादी खट्ट उणे १ ला गेली तरी फिकीर नाही, पण ती छाटली जायला नको.

सुई कडेवर सोडू नका. पातळ रेकॉर्डच्या कडेला सुई अडकली की रेकॉर्ड दुमडते. लिव्हर वर, आर्म कडेपासून ३-४ मिमी आत, पहिल्या खाचेच्या आधीच्या कोऱ्या पट्टीवर, मग लिव्हर खाली. टर्नटेबल पूर्ण स्वयंचलित असेल तर स्वयंचलित भाग बंद ठेवा. त्याची ठरलेली जागा नेहमीच्या जाड रेकॉर्डप्रमाणे असते, हिची पहिली खाच तिथेच असेल असं नाही.

नंतरचं काम. रेकॉर्ड मोनो असेल आणि कार्ट्रिज स्टिरिओ, तर डावी-उजवी बाजू मिळवून मोनो करा. आवाज दोन्हींत सारखा असतो, खरखर सारखी नसते, त्यामुळे मिळवल्यावर साधारण ३ डेसिबलचा फायदा. शिवाय रेकॉर्डच्या वरखाली होण्यातून येणारा घरघराट दोन्ही बाजूंत उलटा असतो, तो बराचसा आपोआप जातो. मिळवण्याआधी दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐका. एक बाजू जास्त घासलेली असेल तर तीच चांगलीला खाली ओढते, तेव्हा सरळ चांगली बाजू एकटी घ्या.

५० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. वरून मात्र घाई नको. ७ इंची रेकॉर्ड ३३⅓ वर फिरते तेव्हा सर्वात बाहेरच्या खाचेवरही सुईखालून सेकंदाला जेमतेम २९ सेमी खाच सरकते, एलपीच्या बाहेरच्या खाचेवर ५१ सेमी. म्हणजे ही अख्खी रेकॉर्ड एलपीच्या आतल्या, कमजोर भागातच राहते. वरचे स्वर आधीच तुटपुंजे. खरखर कमी करणारा फिल्टर जोरात लावला तर खरखरीबरोबर तेही गेले. आणि इथे आवाज म्हणजे गाणं नाही, अंतराळाचे म्हणून केलेले इलेक्ट्रॉनिक शिट्ट्या, सूंसूं, घरघर. फिल्टरला यातली खरखर कुठली आणि मूळ आवाज कुठला हे कळत नाही. खट्ट आवाज हाताने, एकेक करून काढा. ७ इंची रेकॉर्ड एका बाजूला सहसा काही मिनिटांचीच असते, एका संध्याकाळचं काम आहे.

न साफ केलेली मूळ फाइल कधीही खोडू नका.

---

स्प्रूकटर

मोनोमोहिनी ताई, एक प्रश्न. सरावाच्या रेकॉर्डवर एक खट्ट ठरावीक अंतराने येते आहे. रेकॉर्डचा दोष की टर्नटेबलचा?

---

मोनोमोहिनी

घड्याळ लावा. ३३⅓ वर एक फेरा बरोबर १.८ सेकंदांचा. खट्ट दर १.८ सेकंदांनी येत असेल तर रेकॉर्डवर आरपार ओरखडा किंवा दुमड आहे. दर १.८ सेकंदांनी स्वरच वरखाली डुलत असेल तर मधलं भोक केंद्रात नाही. पातळ रेकॉर्डमध्ये हे फार आढळतं, कारण भोक नंतर पाडलेलं असतं. त्यासाठी भोक मोठं करत बसू नका. ७.३ मिमीच्या भोकात खुंटीभोवती जो निसटता खेळ असतो तेवढ्यात रेकॉर्ड सरकवून आर्म कमीत कमी डावी-उजवीकडे हलतो ती जागा शोधा आणि तिथे नाणी ठेवा. अंतर १.८ शी जुळतच नसेल तर दोष टर्नटेबलचा, बहुतेक बेल्टवर कुठेतरी चीर.

---

खोकेपारखी

धाग्याचं शीर्षक वाचून थोडं अवांतर, पण गोंधळ नेहमी होतो म्हणून. हॉक कंपनीच्या १९६३ च्या 'विअर्ड-ओज' किटबरोबर रेकॉर्ड यायची असं विक्रेते लिहितात. नाही. १९६४ मध्ये त्या पात्रांवर एलपी निघाली ती मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीने, स्वतंत्र, रेकॉर्डच्या दुकानात. किट आणि एलपी एकत्र विकायला असतील तर ती जोडी कुणीतरी नंतर जमवलेली आहे, त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. लीफ एरिकसनची गोष्ट वेगळी, तिथे रेकॉर्ड खोक्यातच होती, म्हणून ती नसेल तर किट अपुरं. खोक्यात दिलेल्या कागदी भेटीही अशाच मोजायच्या. ऑरोरा या किट कंपनीच्या १९७४ च्या 'कॉमिक सीन्स' मालिकेत सूचनापत्रकाच्या जागी कॉमिक होतं, ते नसेल तर भाग सगळे असूनही किट पूर्ण नाही.

रेकॉर्ड मूळ की नक्कल? १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनाराकडे असतं तसं. छपाई रंगीत असेल तर ऑफसेटमध्ये रंगांचे ठिपके नियमित जाळीत, फुलासारखे बसलेले दिसतात. इंकजेटमध्ये ते विस्कटलेले, कडा पसरलेल्या. लेझरमध्ये अक्षरांभोवती शाईची बारीक पूड. मग खाचा. नवी रेकॉर्ड एकेक करून कोरून केलेली असेल तर पृष्ठभाग जास्त चकचकीत आणि जाडी जास्त, कारण कोरायला १ मिमीच्या आसपासचं प्लास्टिक लागतं. साच्यात दाबलेली मूळ रेकॉर्ड कागदासारखी पातळ. तुमच्या रेकॉर्डच्या खाचांचा ठसा किटच्या भागावर उमटलाय, याच्याहून मोठा पुरावा नाही. तो घासून काढू नका! ती रेकॉर्ड याच खोक्यात पन्नास वर्षं होती हे तो भाग सांगतो.

---

स्टायरीनवेडा

खोकेपारखी यांच्याशी सहमत, वरचा घासण्याचा सल्ला मागे घेतो. चिकटपणा नाही, म्हणजे झीज थांबलेली आहे. तो भाग तसाच ठेवा. यान बांधायचंच असेल तर पुन्हा काढलेलं किट घ्या. राउंड २ या कंपनीने एएमटीच्या नावाखाली ते परत आणलं आहे.

---

कोकणकडा

साठवणुकीचं कुणी नीट लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर घरातली आर्द्रता ८५-९० च्या खाली येत नाही, आणि गोव्यातही तेच.

रेकॉर्डचं पाकीट पॉलिएस्टर, पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिनचं. पीव्हीसीचं नको, नाहीतर प्लास्टिसायझरचं तेच दुखणं पुन्हा. लग्नपत्रिकांना घालतात तो कडकडीत पारदर्शक कव्हरचा प्रकार बहुतेक पॉलिप्रोपिलीन असतो. मऊ, वास येणारी, बोटाला किंचित चिकटणारी पाकिटं पीव्हीसीची. शंका असेल तर तांब्याची तार गॅसवर लाल करा, पाकिटाच्या कोपऱ्याला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. खिडकी उघडी ठेवून करा, धूर वाईट असतो, आणि रेकॉर्ड त्या खोलीत नको.

पाकिटाबाहेर दोन्ही बाजूंना आम्लमुक्त पुठ्ठा, २० × २० सेमी. मग आडवी ठेवायची. जाड एलपी उभी ठेवतात, पातळ रेकॉर्ड उभी ठेवली की स्वतःच्या वजनाने वाकते. वर दुसरं काही रचायचं नाही.

हवाबंद डबा, २० लिटरला ५० ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारं घ्या. आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५० वर ठेवायचा. ३५ च्या खाली गेला तर जेल थोडं काढा, फार कोरड्या हवेत खोक्याचा पुठ्ठा आणि सूचनापत्रक घडीवर तुटतं. ओलावलेलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास, थंड करून परत.

बुरशी आधीच असेल तर डब्यात घालण्यापूर्वी काढायची. मास्क लावून, गॅलरीत, मऊ ब्रशने कोरडीच झटकायची. आधी ओलं फडकं लावलं तर बुरशीचे कण खाचेत पसरतात. झटकून झाल्यावर खाचांवरून डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेलं मायक्रोफायबर, खाचांच्या दिशेने. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं. छापलेल्या भागाला अल्कोहोल लावू नका, शाई सुटते.

---

काचपट्टी

छान लिहिलंत. एवढीच भर: खोकं आणि रेकॉर्ड वेगवेगळी ठेवली की काही वर्षांनी ती जोडी तुटते. कुणीतरी खोकं विकतं, रेकॉर्ड घरात राहते. खोक्याच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवा: रेकॉर्ड कुठल्या डब्यात आहे, ध्वनिफाइल कुठे आहे. पेन्सिलच, बॉलपेनची शाई दमटपणात फुटते.

---

स्प्रूकटर

डिकलचं राहिलं. पिवळेपणा जातो का?

---

स्टायरीनवेडा

बराच जातो. आधी ६०० डीपीआयवर स्कॅन, कारण पुढे काहीही होऊ शकतं. मग कोरडं डिकल झिपच्या पिशवीत, पूर्वेच्या खिडकीच्या काचेला आतून, छापील बाजू बाहेर. सकाळचं ऊन, रोज दोन तास, आठ-दहा दिवस, रोज बघायचं. लाल आणि निळा रंग फिका पडायला लागला की थांबा, पिवळेपणा थोडा राहिला तरी. पावसाळ्यात हे करू नका, पिशवीत दव धरलं तर डिंक तिथेच सुटतो.

वापरायचं असेल तर कोपऱ्यातला बिनमहत्त्वाचा एक तुकडा कापून कोमट पाण्यात टाकून बघा. भुगा झाला तर उरलेल्यावर मायक्रोस्केलची लिक्विड डिकल फिल्म एक थर, रात्रभर वाळवा, मगच. थर दिल्यावर प्रत्येक चित्र वेगळं कापावं लागतं, सगळा ताव एकच होतो.

---

पर्सिपनी

मी न्यू जर्सीतून लिहितोय. इथे ही किट सापडतात, पण रेकॉर्ड भारतात शाबूत पोहोचेल असं पॅकिंग कसं करायचं?

---

खोकेपारखी

रेकॉर्ड किटच्या खोक्यात ठेवून पाठवू नका. पॉलिप्रोपिलीनच्या पाकिटात घाला, दोन्ही बाजूंना ३ मिमी नालीदार पुठ्ठ्याचे २० × २० सेमीचे दोन-दोन तुकडे, आणि त्यांच्या नाल्या एकमेकांना काटकोनात. एकाच दिशेने ठेवल्या तर पुठ्ठा त्या रेषेत दुमडतो आणि रेकॉर्डही. कडा चारही बाजूंनी टेपने बंद, टेप पाकिटाला लागू द्यायची नाही. ही चपटी थप्पी बाहेरच्या मोठ्या खोक्याच्या तळाला, वर ५ सेमी कागदाचा बोळा, मग किट, भोवती सगळीकडे ५ सेमी. थर्मोकोलच्या गोळ्या नकोत, स्थिर विजेने खोक्याच्या आत शिरतात.

आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाठवा. एप्रिल-मे मध्ये पार्सल गोदामाच्या पत्र्याखाली आठवडाभर पडलं तर वरचं सगळं पॅकिंग नीट असूनही रेकॉर्ड वाटी होऊन येईल.